रिव्हरबँकची कूटविद्या

घरांत चार-सहा मुलें एकत्र नांदत असलीं म्हणजे केव्हां ना केव्हां त्यांच्यांत ‘च’च्या भाषेची सांथ येतेच. ‘पाणी’ म्हणावयाचें तें ‘चणीपा’ होतें, ‘आई’ची ‘चईआ’ होते, आणि वडील मंडळींच्या देखत गुप्त मसलती होऊं लागतात. वडिलांनींहि लहानपणीं हीच भाषा वापरलेली असते, म्हणून त्यांना ती कळते. मुलांना मात्र वाटतें कीं ती आपणच शोधून काढली. कूटलेखनाच्या इतिहासाचें बीज या घरगुती खेळांत आहे. लपविणाराला आपली युक्ति नवी वाटते. उकलणाराला ठाऊक असतें कीं ती जुनी आहे.

आपल्याकडे या विद्येला कलेचें स्थान फार पूर्वींच मिळालें. वात्स्यायनानें चौसष्ट कलांमध्यें ‘म्लेच्छितविकल्प’ ही एक कला गणली आहे, आणि यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेंत तिचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘मूलदेवीय’ प्रकारांत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात. ख आणि ग, च आणि ट, त आणि प, न आणि म, र आणि ष अशा जोडींतील एक अक्षर आलें कीं त्याच्या जागीं दुसरें लिहावयाचें. ‘नगर’ हा शब्द या रीतीनें ‘मखष’ असा होईल. व्याकरण शिकलेल्यांस हें सहज उमजेल. एका वर्णाच्या जागीं दुसरा वर्ण आला तर तो आदेश. तेच वर्ण जागा बदलून बसले तर तो विपर्यय. मूलदेवीय हा आदेशाचा प्रकार, मुलांची ‘च’ची भाषा हा विपर्ययाचा. पश्चिमेकडील मोठमोठ्या कूटांचें पृथक्करण केलें तरी बहुधा हे दोनच व्यापार निरनिराळ्या वेषांत हातीं लागतात.

परंतु कूट रचणें निराळें आणि किल्ली हातीं नसतांना दुसऱ्याचें कूट उकलणें निराळें. या दुसऱ्या विद्येला अमेरिकेंत शास्त्राचें रूप आलें तें कोणा सरकारी कचेरींत किंवा विद्यापीठांत नव्हे, तर एका कापडाच्या व्यापाऱ्यानें आपल्या मळ्यावर हौसेनें चालविलेल्या खाजगी प्रयोगशाळेंत. तेथें आरंभींच उकलल्या गेलेल्या कागदांत भारतीय क्रांतिकारकांचीं पत्रें होतीं. ज्या चळवळीचीं तीं पत्रें, तिच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक पुरुष आमच्या वऱ्हाड-नागपूरकडचा होता आणि त्याचा अखेरचा काळ या नागपुरांतच गेला. तेव्हां दूर अमेरिकेंतील ही हकीकत आपल्या घरची नव्हे असें कोणीं म्हणूं नये.

शिकागो शहराच्या पश्चिमेस सुमारें चाळीस मैलांवर, फॉक्स नदीच्या कांठीं, जिनीव्हा नांवाचें लहानसें गांव आहे. जॉर्ज फेबियन या धनाढ्य व्यापाऱ्यानें १९०५ सालीं तेथें जमीन घेतली आणि ती वाढवीत वाढवीत तीनशें एकरांच्या घरांत नेली. या मळ्याचें नांव रिव्हरबँक, म्हणजे नदीकांठ. त्यावरील घर त्यानें फ्रँक लॉईड राइट या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाकडून नव्यानें सजवून घेतलें, जपानी पद्धतीची बाग केली, आणि एक जुनी डच धाटणीची पवनचक्की विकत घेऊन नदीकांठीं उभी केली. लोक त्याला ‘कर्नल’ म्हणत. पण ती पदवी इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरनें मानार्थ दिलेली होती, कोठल्याहि लढाईंत मिळविलेली नव्हती. त्याचें स्वतःचें शालेय शिक्षण अपुरें होतें, परंतु जिज्ञासा अमर्याद होती. दुसरे धनिक शर्यतीचे घोडे बाळगतात, त्यानें विद्वान् बाळगले. ध्वनिशास्त्रांत नांवाजलेले हार्वर्डचे प्राध्यापक वॉलेस सेबिन यांच्यासाठीं त्यानें मळ्यावर ध्वनिसंशोधनाची स्वतंत्र इमारत बांधली. दुर्दैवानें सेबिन १९१९ च्या आरंभींच वारले. तरी ती ध्वनिप्रयोगशाळा पुढें अखंड चालू राहिली.

फेबियनच्या आश्रयाखालीं एलिझाबेथ गॅलप नांवाच्या एक वयस्क शिक्षिका होत्या. शेक्सपिअरचीं नाटकें वस्तुतः फ्रान्सिस बेकन यानें लिहिलीं आणि १६२३ सालीं निघालेल्या त्यांच्या पहिल्या संग्रहाच्या छपाईंत त्यानें आपली गुप्त आत्मकथा दडविली, असा या बाईंचा दृढ विश्वास होता. बेकननें एक द्विवर्णी कूट खरोखरच योजिलें होतें आणि त्याची रीत स्वतः प्रसिद्धहि केली होती. दोनच चिन्हें घ्यावयाचीं आणि त्यांच्या पांच-पांचांच्या गटानें एकेक अक्षर दाखवावयाचें, ही ती रीत. छंदःशास्त्र वाचलेल्यांस येथें पिंगलाचा प्रस्तार आठवेल. लघु आणि गुरु एवढ्या दोनच भेदांनीं पांच अक्षरांचे बत्तीस प्रस्तार होतात. बेकनच्या काळच्या चोवीस इंग्रजी वर्णांना ते पुरून उरतात. लघुगुरूंच्या जागीं बेकननें छापील टाइपाचे दोन किंचित् भिन्न सांचे घेतले. सामान्य वाचकाला वरचा मजकूर दिसावा, आणि जाणत्यानें सांच्यांतील भेद पाहून आंतला मजकूर काढावा, अशी ती योजना.

रीत खरी होती. परंतु ती त्या नाटकांत वापरलेली होती काय, हा प्रश्न वेगळा. तीनशें वर्षांपूर्वींचे खिळे झिजलेले, शाई पसरलेली, कागद खडबडीत. अशा पानावरील कोणतें अक्षर पहिल्या सांच्याचें आणि कोणतें दुसऱ्या, हें गॅलपबाईंना दिसे तसें दुसऱ्या कोणाला स्वतंत्रपणें दिसत नसे. तथापि फेबियनचा उत्साह ओसरला नाहीं. १९१६ सालीं एका दाव्यांत शिकागोच्या न्यायाधीशानें नाटकांचा कर्ता बेकनच असा निकालहि देऊन टाकला. अर्थात् तो पुढें रद्द झाला. वाङ्मयाचा निवाडा न्यायकचेरींत होऊं लागला म्हणजे काय होतें याचा हा मासलेवाईक दाखला होय.

त्याच वर्षीं गॅलपबाईंना मदतनीस म्हणून एलिझबेथ स्मिथ ही तेवीस वर्षांची पदवीधर तरुणी रिव्हरबँकला आली. ती शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयांत काम शोधण्यास गेली असतां तेथूनच तिची फेबियनशीं गांठ घालून देण्यांत आली होती. विल्यम फ्रीडमन हा तिच्या आधीं एक वर्ष, १९१५ सालीं, तेथें येऊन राहिला होता. त्याचा जन्म १८९१ सालीं तेव्हांच्या रशियन साम्राज्यांतील किशिनेव्ह शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. झारच्या राज्यांतील ज्यूंचा छळ टाळण्यासाठीं हें कुटुंब तो तान्हा असतांनाच अमेरिकेंत आलें. कॉर्नेल विद्यापीठांत त्यानें आनुवंशशास्त्राचें अध्ययन केलें होतें, आणि रिव्हरबँकला त्याची नेमणूक झाली ती पिकांचीं बियाणीं सुधारण्यासाठीं. पवनचक्कींत त्याचें बिऱ्हाड आणि तेथेंच फळांवरील माशांवर चाललेले त्याचे प्रयोग. छायाचित्रणांत तो वाकबगार असल्यानें गॅलपबाईंच्या कामासाठीं जुनीं पानें मोठीं करून देण्याचें काम त्याच्याकडे आलें. त्या निमित्तानें तो एलिझबेथच्या सहवासांत आला आणि कूटांच्याहि. दोघांना हळूहळू एकच गोष्ट जाणवूं लागली: ज्याच्या शोधासाठीं एवढा खटाटोप चालला आहे तें रहस्य त्या पानांत मुळीं नाहींच. मे १९१७ मध्यें त्यांचा विवाह झाला.

नसलेलें रहस्य शोधतांना त्यांच्या हातीं लागलेलें कौशल्य मात्र खरें होतें, आणि तें कसाला लागण्याची वेळ लवकरच आली. एप्रिल १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत उतरली. इंग्लंडांत आरमाराच्या ‘खोली नंबर ४०’ मध्यें शत्रूचीं कूटें उकलणारी मंडळी १९१४ पासून राबत होती. जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यानें मेक्सिकोला पाठविलेली तार त्यांनींच वाचली होती. अमेरिकेच्या सरकाराजवळ मात्र असें एकहि स्वतंत्र खातें नव्हतें. फेबियननें आपली प्रयोगशाळा सरकारच्या सेवेस विनामूल्य देऊं केली. हर्बर्ट यार्डले याच्या हाताखालीं सैन्याचें खातें जून १९१७ मध्यें निघालें, पण तें नीट मार्गीं लागेपर्यंत सरकारी खात्यांकडून येणारे पुष्कळ कूटलेख रिव्हरबँकलाच उकलले जात. बेकनचीं अक्षरें मोजण्यासाठीं ठेवलेली माणसें आतां शत्रूच्या तारा वाचूं लागलीं.

ब्रिटिश सैन्यानें एक नवें कूटयंत्र मोठ्या भरंवशानें तयार केलें होतें. त्यानें लिहिलेले पांच लहान संदेश परीक्षेसाठीं रिव्हरबँकला पाठविण्यांत आले. फ्रीडमननें अक्षरांच्या मांडणीवरून यंत्राच्या एका चक्राचा किल्लीशब्द तर्कानें काढला. तो निघाला ‘सायफर’, म्हणजे कूट. दुसऱ्या चक्राचा शब्द कांहीं केल्या सांपडेना. तेव्हां त्यानें शेजारीं बसलेल्या एलिझबेथला विचारलें, कीं ‘सायफर’ हा शब्द ऐकतांच तुझ्या मनांत कोणता शब्द येतो? ती चटकन् उद्गारली, ‘मशीन’. तोच शब्द दुसरी किल्ली होती. तीन तासांच्या आंत पांचहि संदेश उलगडले. त्यांतील पहिल्याच संदेशाचा आशय असा होता कीं, हें कूट सर्वस्वी अभेद्य आहे! यंत्र पोलादी होतें; परंतु किल्ली निवडणारा माणूस होता आणि माणसाचें मन ठरलेल्या वाटेनें जातें. यंत्र फुटलें नाहीं, माणूस फुटला.

आतां आपल्या माणसांकडे वळूं. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्ध्याचा. लोकमान्यांच्या विचारांनीं भारून जाऊन हा तरुण विद्यार्थिदशेंतच देशाबाहेर पडला आणि जपानमार्गें अमेरिकेस पोंचला. तेथें त्यांनीं शेतकीचें उच्च शिक्षण घेतलें आणि लष्करी शाळेंत युद्धविद्याहि शिकून घेतली. पॅसिफिक किनाऱ्यावरील पंजाबी मजूर आणि भारतीय विद्यार्थी यांच्यांतून सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ प्रभृतींनीं जो गदर पक्ष उभारला त्याच्या संघटकांत खानखोजे होते. लष्करी तयारीचा भाग मुख्यतः त्यांच्याकडे होता. १ नोव्हेंबर १९१३ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ पत्राचा पहिला अंक निघाला. त्याच पक्षांत पुणें जिल्ह्यांतील तळेगांव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. महायुद्ध सुरू होतांच पिंगळे स्वदेशीं परतले. २३ मार्च १९१५ रोजीं मेरठच्या छावणींत बाँबगोळ्यांसह पकडले गेले. आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं लाहोरच्या तुरुंगांत कर्तारसिंग सराभा आदि सोबत्यांसह फांसावर गेले.

अमेरिकेंत मागें राहिलेल्यांनीं जर्मनीच्या साहाय्यानें शस्त्रें मिळविण्याचे प्रयत्न चालविले. ‘ॲनी लार्सन’ या जहाजांतून बंदुका निघाल्या. त्या मेक्सिकोजवळील एका बेटापाशीं ‘मॅव्हरिक’ या दुसऱ्या जहाजावर चढवावयाच्या होत्या. दोन्ही जहाजांची भेटच झाली नाहीं, आणि जून १९१५ मध्यें शस्त्रें अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हातीं पडलीं. अमेरिका युद्धांत उतरल्यावर या साऱ्या प्रकरणाचा खटला उभा राहिला. नोव्हेंबर १९१७ पासून एप्रिल १९१८ पर्यंत तो सॅन फ्रान्सिस्कोस चालला. आरोपींत जर्मन वकिलातींतील अधिकारी होते, जहाजांच्या व्यवहारांत गुंतलेले अमेरिकन होते, आणि गदर पक्षाचे भारतीय होते. खानखोजे मात्र युद्धाच्या आरंभींच तुर्कस्तान-इराणकडे निघून गेले होते.

या प्रकरणांत जप्त झालेलीं कूटपत्रें ब्रिटिशांच्या मार्फत रिव्हरबँकला आलीं. त्यांतील हेरंबलाल गुप्त यांचें एक लांबलचक पत्र केवळ आंकड्यांचें होतें. तीन-तीन आंकड्यांचे गट: पहिला पृष्ठाचा, दुसरा ओळीचा, तिसरा त्या ओळींतील अक्षराचा. लिहिणाराजवळ आणि वाचणाराजवळ एकच छापील पुस्तक असलें कीं काम भागतें. पुस्तक कोणतें हें तिसऱ्याला कळण्यास मार्ग नाहीं, म्हणून ही रीत निर्धोक वाटते. मग ती उकलावी कशी?

पुस्तक हा मुळांत अर्थपूर्ण मजकूर असतो, हेंच तिचें मर्मस्थान होय. लिहिणारा कंटाळतो, एकदां सांपडलेलें अक्षर पुन्हां त्याच ओळींतून घेतो, जवळजवळचीं अक्षरें उचलतो. कांहीं गट वरचेवर आले कीं तीं नेहमीं लागणारीं अक्षरें असावींत असा तर्क करतां येतो, आणि पत्रांत येण्याजोगीं माणसांचीं व गांवांचीं नांवें धरून तो ताडून पाहतां येतो. समजा, एका ओळीचें पहिलें अक्षर ‘ना’, दुसरें ‘ग’ आणि चौथें ‘र’ असें ठरलें. तर तिसरें सांगावयास नागपुरांतील शाळकरी मुलाला पुस्तक उघडावें लागणार नाहीं. याप्रमाणें पत्र उलगडत जातें आणि त्याबरोबर न पाहिलेल्या पुस्तकाच्या ओळीहि उभ्या राहूं लागतात. फ्रीडमननें पुस्तक जवळ नसतांना पत्राचा अर्थ लावला; मागाहून पुस्तकहि सांपडलें. प्राइस कॉलियर या लेखकाचें जर्मनी आणि जर्मन लोक यांविषयींचें तें १९१३ सालचें पुस्तक होतें. पृष्ठ, ओळ आणि अक्षर तंतोतंत जुळलें, आणि पुराव्याबद्दल शंका उरली नाहीं. फ्रीडमन साक्षीसाठीं न्यायासनापुढें उभा राहिला.

त्या खटल्याचा शेवट भयंकर झाला. अखेरच्या दिवशीं भर न्यायालयांत रामसिंग या आरोपीनें पक्षाचे पुढारी रामचंद्र यांस गोळी घालून ठार केलें, आणि तत्क्षणीं तेथील मार्शलच्या गोळीनें तोहि पडला. बहुतेक आरोपी दोषी ठरले. तारकनाथ दास यांस बावीस महिन्यांची शिक्षा झाली.

हें वाचून मनाला यातना होतात. पारतंत्र्याविरुद्ध लढणाऱ्या आपल्या माणसांचीं पत्रें परक्यानें फोडावींत, आणि तीं फोडणारा स्वतःच एका जुलमी साम्राज्यांतून निसटलेल्या कुळांतला असावा, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावा लागेल. परंतु सर्व दोष त्या आंकड्यांवर घालणें न्यायाचें होणार नाहीं. फेब्रुवारी १९१५ चा पंजाबांतील उठाव फसला तो कूट फुटल्यामुळें नव्हे. कृपालसिंग नांवाचा खबऱ्या आंत शिरला होता म्हणून. जहाजांची चुकामूक झाली ती व्यवस्था ढिली होती म्हणून. आणि रामचंद्रांचा जीव गेला तो आपसांतील अविश्वासामुळें. जेथें माणसांत फूट पडते तेथें उत्तमांतलें उत्तम कूट काय करील? गुप्त लेखन हें शिस्तबद्ध संघटनेचें कवच आहे. तें शिस्तीची जागा घेऊं शकत नाहीं. आमच्या देशभक्तांच्या त्यागाला या विचारानें यत्किंचितहि कमीपणा येत नाहीं. उलट, किती अपुऱ्या साधनांनिशीं ते एवढ्या बलाढ्य सत्तेशीं झुंजले हें लक्षांत येऊन आदर वाढतो.

इकडे रिव्हरबँकला सैन्यांतील अधिकारी शिक्षणासाठीं येऊं लागले. १९१८ च्या आरंभीं जवळच्या ऑरोरा गांवीं त्यांचा एक वर्ग भरला, त्या वेळचें समूहचित्र प्रसिद्ध आहे. कांहींजण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत, कांहींनीं मान वळविली आहे. पाहणाराला वाटतें कीं मंडळी बेशिस्त आहेत; पण सरळ आणि वळलेल्या मुखांचे पांच-पांचांचे गट पाडले तर बेकनच्या द्विवर्णी कूटानें ज्ञान हेंच सामर्थ्य या अर्थाचें वचन निघतें. माणसें थोडीं कमी पडलीं, म्हणून शेवटचें अक्षर तेवढें राहून गेलें. फ्रीडमन त्यानंतर सैन्याबरोबर फ्रान्सला गेला आणि युद्ध संपल्यावर पुन्हां मळ्यावर परतला.

या काळांत रिव्हरबँकनें कूटविद्येवर छापलेल्या पुस्तिकांनीं तर शास्त्राचा पायाच घातला. त्यांतील बाविसाव्या पुस्तिकेंत फ्रीडमननें मांडलेली कल्पना साधी पण खोल आहे. दोन मजकूर एकाखालीं एक लिहावे आणि वरचें व खालचें अक्षर किती ठिकाणीं सारखें येतें तें मोजावें. अक्षरें केवळ यदृच्छेनें पडलेलीं असलीं तर इंग्रजी वर्णमालेंत शेंकडा ३.८५ ठिकाणीं मेळ बसेल. खरी इंग्रजी भाषा असेल तर सुमारें ६.६७ ठिकाणीं बसेल. म्हणजे अर्थ एक अक्षरहि कळलेला नसतां, या पडद्यामागें भाषा आहे कीं नाहीं हें केवळ मोजणीनें सांगतां येतें. तर्काला गणिताची जोड मिळाली ती येथें.

परंतु या ग्रंथांचें श्रेय कोणाचें, यावरून मळ्यावर कुरबुर सुरू झाली. फेबियनची समजूत अशी कीं जागा माझी, पैसा माझा, तेव्हां त्यांतून निघालेलें ज्ञानहि माझें. कित्येक पुस्तिका कर्त्याच्या नांवावांचून निघाल्या. आश्रयदाता नसता तर हें कार्य उभें राहिलें नसतें, हें खरें. मात्र पदरीं ठेवलेल्या माणसाची बुद्धि पदरीं ठेवतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. १९२० च्या अखेरीस पति-पत्नींनीं रिव्हरबँक सोडलें आणि १९२१ च्या आरंभापासून दोघेंहि वॉशिंग्टन येथें सरकारी सेवेंत रुजू झालीं. पुढें १९४० सालीं जपानचें ‘पर्पल’ नांवाचें अत्यंत अवघड यंत्रकूट फ्रीडमनच्या हाताखालील मंडळींनीं उकललें. त्या श्रमांनीं फ्रीडमनची प्रकृति मात्र ढासळली आणि कांहीं काळ त्याला रुग्णालयांत राहावें लागलें. एलिझबेथबाईंनीं मुलेंबाळें सांभाळून दारूची चोरटी आयात करणाऱ्यांचीं कूटें फोडलीं, कोर्टांत निर्भयपणें साक्षी दिल्या, आणि दुसऱ्या महायुद्धांत दक्षिण अमेरिकेंतील नाझी हेरांचीं जाळीं उघडकीस आणलीं. त्यांच्या त्या कामगिरीचें श्रेय दीर्घकाळ दुसऱ्यांनींच मिरविलें. विल्यम १९६९ सालीं आणि एलिझबेथबाई १९८० सालीं निवर्तल्या. बाईंचें खरें मोल जगाला पुष्कळ उशिरा कळलें.

१९५७ सालीं या दांपत्यानें शेक्सपिअरच्या नाटकांतील तथाकथित कूटांची परीक्षा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या विषयानें आपल्याला अन्न दिलें आणि विद्येची दीक्षा दिली त्याचाच त्यांनीं शांतपणें, दुष्ट शब्द न वापरतां, निकाल लावला. त्यांची कसोटी अशी: उकल खरी असेल तर रीत निश्चित हवी, आणि तीच रीत दुसऱ्या जाणत्याच्या हातीं दिली असतां त्यालाहि तेंच उत्तर यावयास हवें. गुप्तांचें पत्र या कसोटीला उतरलें. गॅलपबाईंची आत्मकथा उतरली नाहीं.

ही कसोटी आपल्याहि घरांत बाळगण्याजोगी आहे. जुन्या श्लोकांचीं अक्षरें उलटसुलट जुळवून त्यांतून आजचे वैज्ञानिक शोध काढून दाखविणारे लोक आपल्याकडे कमी नाहींत, आणि संस्कृतावरील प्रेमानें आपण त्यांस माना डोलावतों. परंतु कटपयादि पद्धतीकडे पाहा. ज म्हणजे आठ आणि य म्हणजे एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडले कीं ‘जय’ या शब्दाचे अठरा होतात. काशींतल्या शास्त्र्यानें मोजलें तरी अठरा, नागपुरांतल्या विद्यार्थ्यानें मोजलें तरी अठराच. आपल्या पूर्वजांना नियमबद्ध संकेत कसा असतो हें उत्तम ठाऊक होतें. नियम पदोपदीं बदलून हवें तें उत्तर काढणें हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांच्या शास्त्रबुद्धीचा तो अवमान होय.

आतां उरली खानखोज्यांची कथा. इराणांत इंग्रजांशीं लढतांना ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढें यूरोप आणि रशिया पाहून १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला पोंचले. तेथें चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या जाती त्यांनीं सिद्ध केल्या, आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा चालविल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा यानें मेक्सिकोच्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर रंगविलेल्या चित्रांत, सर्वांना भाकरी वांटून देणारा पुरुष म्हणून त्यांना स्थान दिलें आहे. एकानें बियाण्यांचा अभ्यास सोडून कूटें हातीं घेतलीं, दुसऱ्यानें बंदूक ठेवून बियाणें हातीं घेतलें. आणि दोघांची गांठ पडली ती केवळ एका खटल्याच्या दप्तरांच्या कडेकडेनें.

स्वातंत्र्यानंतर १९४९ सालीं ते मायदेशीं आले, तेव्हां इंग्रजी अमदानींतील काळ्या यादींत नांव शिल्लक असल्यानें विमानतळावरच त्यांना अडवून धरण्यांत आलें. पुढें ते नागपुरांत स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजीं येथेंच वारले. चापिंगोंत २०२२ सालीं त्यांच्या पुतळ्याचें अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्तें झालें. तिकडे फेबियन १९३६ सालीं गेला. त्याचा मळा आतां सार्वजनिक वनराई आहे, नदीकांठची पवनचक्की अजून उभी आहे, आणि अमेरिकन सरकारच्या कूटखात्यानें १९९२ सालीं रिव्हरबँकचे आभार मानणारा फलक दिला आहे. आभाराचे असे फलक राष्ट्रें लावतात, तें योग्यच आहे. आमच्या घराघरांतील मुलांना खानखोजे कोण हें विचारलें असतां उत्तर मिळावें, एवढी सोय मात्र फलकांवर सोंपवून चालणार नाहीं. ती वडील मंडळींनींच करावयाची आहे.